पाण्यावरचा एक दिवस

आमच्या वस्तीतील सव्वीस जणांनी तीन वर्षे भिशी लावून थायलंडची धम्मयात्रा केली, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. बँकॉक, अयुथ्या, तेथील विहार, भिक्खूसंघाची शिस्त यांविषयी आम्ही मागे लिहिले. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या एका पत्रात एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला सरळच जाब विचारला आहे. यात्रेच्या छापील कार्यक्रमात 'एक दिवस बेटांची बोटसफर' अशी ओळ होती, ती त्यांच्या डोळ्यांत सलली. विहार पाहायला गेलात ते ठीक; पण घाम गाळून साठवलेला पैसा समुद्रात मौज करण्यात का घालवला, असा त्यांचा सवाल. प्रश्न रागाने विचारला असला तरी विचारण्यासारखा आहे. म्हणून आज त्या एका दिवसाचाच हिशोब मांडतो.

आधी जागा समजून घ्यावी. थायलंडच्या नकाशात दक्षिणेकडे हत्तीच्या सोंडेसारखी एक लांब पट्टी खाली उतरते. तिच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र, म्हणजे आपल्या अंदमान-निकोबारच्या समुद्राचाच पलीकडचा काठ. त्या बाजूला फुकेत नावाचे मोठे बेट आहे आणि फुकेत व मुख्य जमीन यांच्या मध्ये फांग न्गा नावाचा उपसागर. पाणी उथळ, हिरवट, तिन्ही बाजूंनी जमिनीचा आडोसा. त्या पाण्यातून चुनखडीचे चाळीसहून अधिक डोंगर सरळ उभे वर आले आहेत. पायथ्याला किनारा नाही, चढायला वाट नाही. भिंत उभी करावी तसा दगड आणि डोक्यावर झाडी. १९८१ साली हा सारा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. आपला नैऋत्य मोसमी पाऊस तिथेही लागतो. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने फिरायला बरे.

सफरीचे आमच्याकडून माणशी चौदाशे बाट घेतले. एक बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये धरा. त्यात हॉटेलपासून गाडी, बोट, दुपारचे जेवण आणि मार्गदर्शक आला. उद्यानाचे शुल्क वेगळे निघाले, आणि ते परदेशी माणसाला तिथल्या माणसापेक्षा जास्त असते. यावर गाडीत थोडी कुरकुर झाली. अजिंठ्याच्या तिकीटखिडकीवर परदेशी पाहुण्यांना आपणही जास्तच दर लावतो, हे आठवल्यावर ती थांबली.

मार्गदर्शक तिशीतली मुलगी होती. थाई भाषेत गाईडला 'मक्खुथेत' म्हणतात. हा शब्द पालीतून आलेला आहे. त्यातला पहिला भाग म्हणजे आपला 'मग्ग', आर्य अष्टांगिक मार्गातला मार्ग. वाट दाखवणारा तो मक्खुथेत. हे कळल्यावर आमच्यातल्या आज्या तिला 'गाईड' म्हणेनात, 'मग्गाताई' म्हणू लागल्या आणि दिवसभर तेच नाव राहिले. तिथले नेहमीचे अभिवादन 'सवात्दी' हेही मूळ 'स्वस्ति'च. तिने आम्हाला सवात्दी शिकवले, आम्ही तिला जयभीम शिकवला.

बोटीत बसण्याआधी गाडी एका गुहेपाशी थांबते. विहाराचे नाव वात सुवान खुहा. मोठ्याने म्हणून पाहा, सुवर्ण गुहाच ऐकू येईल. बाहेर माकडांचा सुळसुळाट, आत थंडगार मोठी पोकळी आणि तिच्यात पहुडलेल्या बुद्धांची सुमारे पंधरा मीटर लांबीची सोनेरी मूर्ती. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती साधारण सात मीटरची आहे. आकड्यात ही दुप्पट भरते. पण आपली मूर्ती डोंगराच्या अखंड दगडातून कोरून काढलेली आहे, इथली नंतर बांधून ठेवलेली आहे; आम्हाला तरी अजिंठ्याचाच चेहरा अधिक जवळचा वाटला. गुहेच्या भिंतीवर थायलंडचे पाचवे राम, राजे चुलालोंगकोर्न यांची अक्षरे कोरलेली आहेत. इथे आम्हाला वीस मिनिटे दिली. त्यांतली दहा वंदनेत गेली, उरलेली दहा माकडांनी केळी हिसकावण्यात.

धक्क्यावर आलो तेव्हा भरती चढत होती. बोट लांब शेपटीची. म्हणजे कसे, तर लाकडी होडीच्या मागच्या टोकाला मोटारगाडीचे जुने इंजिन उघडेच बसवलेले असते आणि त्यातून एक लांब दांडा पाण्यात जातो, दांड्याच्या टोकाला पंखा. नावाडी तो दांडा हाताने फिरवून दिशा बदलतो, उथळ पाण्यात वर उचलून धरतो. आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचे तर कानात ओरडावे लागते. आमच्यात एक रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते. ते डोंगर बघायचे सोडून इंजिनाकडेच तोंड करून बसले.

बोटीत चढण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवले गेले. आमच्यातल्या एका तरुणाने फोटोसाठी खास निळा शर्ट शिवून घेतला होता. जॅकेटखाली तो झाकला जातो म्हणून त्याने पट्टे सोडले. मग्गाताईने नावाड्याला खूण केली आणि इंजिन बंद पडले. ती काही बोलली नाही, हसत उभी राहिली. पट्टे बांधले गेले, इंजिन सुरू झाले. फुकेतच्या किनाऱ्याजवळ ५ जुलै २०१८ रोजी वादळात एक प्रवासी बोट बुडून ४७ चिनी पर्यटक दगावले होते. तेव्हापासून नियम कडक झाले आहेत, असे तिने नंतर सांगितले.

जॅकेट बांधता बांधता आम्ही सहज विचारले, पोहता कोणाकोणाला येते? सव्वीसपैकी चार हात वर झाले. चारही पुरुषांचे. दोघे नदीकाठच्या गावचे, एक जण धरणाच्या कामावर वाढलेला, एक महापालिकेच्या तलावात शिकलेला. बाईमाणसाचा एकही हात नाही.

असे का व्हावे? खेड्यात पोरगा पोहायला शिकतो तो गावच्या विहिरीत. पाठीला भोपळा बांधून बाप किंवा चुलता त्याला ढकलून देतो, चार दिवस नाकातोंडात पाणी जाते, पाचव्या दिवशी पोरगा तरंगतो. पण ज्या विहिरीचे पाणी आमच्या आज्यांच्या ओंजळीत वरून वाढले जाई, त्या विहिरीत त्यांच्या लेकरांना उडी कोण मारू देणार होते? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाणी पिण्याचा हक्क बजावला. पोहणे ही त्याच्या पुढची पायरी. आज शहरात ती कोणी अडवलेली नाही. ती मागायचीच आपल्याकडून राहून गेली आहे. बोटीत बसल्यावर पहिली दहा मिनिटे आमच्या बायकांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ठेवली होती. त्याला निव्वळ भित्रेपणा म्हणायला आम्ही तयार नाही.

बोटीच्या उंच टोकाला रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि झेंडूचा हार बांधलेला होता. आमच्यातला एक विद्यार्थी, ज्याला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, लगेच म्हणाला, "काका, बौद्ध देशात बोटीला हार?" मग्गाताईने सांगितले की बोटीची रक्षण करणारी एक देवता मानतात, मे या नांग तिचे नाव, आणि हा मान तिचा. यावर बोटीत बराच वाद झाला. आमचे मत असे की, ज्या देशात धम्म दोन हजार वर्षांच्या रूढींत मिसळून राहिला तिथे असे दिसणारच. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो पारखून, निवडून दिला. म्हणून आपण त्या हाराला हात जोडायचे कारण नाही. आणि नावाड्याच्या तोंडावर त्याची थट्टा करायचेही कारण नाही. तो आपल्याला पलीकडे नेणार आहे.

थायलंडच्या लोकांना धम्माच्या जुनेपणाचा अभिमान मात्र फार. महावंस ग्रंथात सांगितले आहे की तिसऱ्या संगीतीनंतर सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवण्णभूमीला पाठवले गेले. ही सुवण्णभूमी आमचीच, असे थाई लोक म्हणतात आणि ब्रह्मी लोकही म्हणतात. बँकॉकचा विमानतळ २००६ मध्ये सुरू झाला, त्याला नावही तेच दिले आहे.

असो. कांदळवनातून बोट बाहेर आली आणि डोंगर सुरू झाले. एका कड्याच्या पोटात, पाण्यापासून थोड्या उंचीवर, तांबड्या-काळ्या रंगांत मासे, प्राणी आणि माणसे रंगवलेली दिसतात. हे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे काम. त्या कड्याला खाओ खिआन म्हणजे 'लिहिलेला डोंगर' असेच नाव आहे. बोट तिथे जेमतेम पाच मिनिटे रेंगाळते. ज्याला मान वळवायला उशीर होतो त्याचे चित्र हुकते.

हे डोंगर असे का, हे मुलांना समजावे म्हणून थोडक्यात लिहितो. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या जीवांच्या कवचांचा थरावर थर साचून चुनखडीचा दगड झाला. जमिनीच्या हालचालीने तो वर उचलला गेला, भंगला. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते. पाणी भेगांतून शिरले, आत गुहा झाल्या. पुढे हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढली आणि दऱ्यांत पाणी भरले. माथे तेवढे बेटे होऊन राहिले. काही डोंगर आतून इतके पोकळ झाले की छतच कोसळले. मग डोंगराच्या पोटात आकाश दिसणारी एक खोली तयार होते. तिला थाई लोक 'होंग' म्हणजे खोलीच म्हणतात. आत शिरायचे ते समुद्राच्या पातळीवरच्या बोगद्यातून, आणि भरती-ओहोटीची वेळ साधून. वेळ चुकली तर बोगदा पाण्याने भरतो.

को पानाक आणि को होंग ही बेटे या खोल्यांसाठी प्रसिद्ध आहेत. आमच्या तिकिटात होते को थालू. थालू म्हणजे आरपार भोक पडलेला. तिथे तराफ्यावर उतरवून दोघा-तिघांना एका छोट्या रबरी होडीत बसवतात, वल्हे मारणारा मागे असतो. छत खाली आले की आडवे पडायचे. सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एक आजी, नऊवारीतल्या, सुरुवातीला "मी नाही बया" म्हणून तराफ्यावर बसून राहिल्या. सगळ्या होड्या निघाल्या तशा म्हणाल्या, "मेनहोलाच्या तोंडाशी तीस वर्षं उभी राहिले, हे भोक काय मला गिळतंय!" आणि शेवटच्या होडीत जाऊन पडल्या. दगड नाकापासून वीतभर अंतरावरून सरकत गेला. पलीकडे बाहेर आल्या तेव्हा त्या बोलत नव्हत्या. पाण्यात हात घालून बसल्या होत्या. आम्ही हाक मारली तरी हात काढला नाही.

यानंतर जे ठिकाण येते त्यासाठी जगभरातून माणसे येतात, आणि आमच्या मते दिवसभरात सर्वांत कमी पाहण्यासारखे तेच. दोन डोंगर एकमेकांना रेलून उभे आहेत, ते खाओ फिंग कान. त्यांच्यासमोर पाण्यात सुमारे वीस मीटर उंचीचा एक दगडी सुळका, तळाशी बारीक आणि वर रुंद. तो को तापू. तापू म्हणजे खिळा. १९७४ साली जेम्स बाँडच्या एका इंग्रजी चित्रपटात तो दिसला आणि त्याचे नावच जेम्स बाँड बेट पडले. १९९८ पासून बोटींना सुळक्याजवळ जायला बंदी आहे, कारण लाटांनी तळ झिजतो. हे चांगले केले. पण समोरच्या एवढ्याशा वाळूवर शिंपल्यांची दुकाने, ढकलाढकली आणि फोटोसाठी रांग. आमच्या निळ्या शर्टवाल्याने इथे जॅकेट काढून घेतले, त्याचा फोटो छान आला आहे.

दुपारी दोनच्या सुमारास बोट को पान्यीला लागली. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्यापुढे फक्त 'भोजन' एवढा एकच शब्द होता. या एका शब्दासाठीच आम्ही आजचा लेख लिहायला घेतला, असे म्हटले तरी चालेल.

एक उंच कडा, आणि त्याच्या पायथ्याला पाण्यात खांब रोवून उभे केलेले अख्खे गाव. साधारण साडेतीनशे कुटुंबे. घरे खांबांवर, रस्ते खांबांवर, दुकाने खांबांवर. फळ्यांच्या फटींतून खाली समुद्र दिसतो. सोनेरी घुमटाची मशीद आहे, शाळा आहे. गाव मुसलमान कोळ्यांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मलय मुलखातून मासेमारी करत काही कुटुंबे होड्यांतून इकडे आली. त्यांचे ठरले होते म्हणे, की ज्याला चांगली जागा सापडेल त्याने उंचावर झेंडा लावायचा. पान्यी म्हणजे झेंडा. जागा सापडली. पण त्या काळी जमिनीची मालकी फक्त थाई वंशाच्या माणसालाच मिळे, असे सांगतात. परक्याला जमीन नाही. मग त्यांनी जमीन मागितलीच नाही; पाण्यात खांब ठोकले.

हे मग्गाताई सांगत होती आणि आम्ही आमच्या लोकांच्या तोंडाकडे पाहत होतो. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ लहानपणी वडिलांबरोबर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९६४ साली, तुरुंगाच्या दारापर्यंत गेलेले. ते एवढेच म्हणाले, "यांना गावाबाहेर पण जमीन नव्हती."

जेवण हलाल, भात, तळलेला मासा, कालवण, कोळंबी. दारू आणि डुकराचे मांस या गावात चालत नाही. पंचशील घेतलेल्यांना दारूबंदीची अडचण पडू नये. तरी दोघांचे चेहरे उतरले, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. जेवणानंतर बहुतेक प्रवासी दुकानांच्या गल्लीतून फिरून बोटीत येतात. आमच्या बायका मात्र वासाच्या मागे गेल्या. मागच्या अंगाला फळ्यांवर बारीक कोळंबी वाळत घातलेली होती. "अगं, हा तर जवळाच की!" असे कोणीतरी ओरडले आणि घरातल्या बाई बाहेर आल्या. त्यांना मराठी येत नव्हते, आमच्यांना थाई येत नव्हते. पंधरा मिनिटे संभाषण चालू होते. हातांनी, चेहऱ्यांनी, चिमटीत जवळा धरून. शेवटी दोन पुड्या बांधून घेतल्या. पैसे घेताना त्या बाईंनी वरून एक मूठ घातली.

या गावात खेळाचे मैदान कसे असणार? १९८६ साली टीव्हीवर विश्वचषकाचे सामने पाहून इथल्या पोरांना फुटबॉलचे वेड लागले. पाय टेकायला जागा नाही. तेव्हा त्यांनी जुने तराफे आणि टाकाऊ लाकूड जोडून पाण्यावर तरंगते मैदान बांधले. खिळे वर आलेले, फळ्या ओल्या. चेंडू समुद्रात गेला की पोरेही मागोमाग समुद्रात. अनवाणी खेळून खेळून त्यांचे पाय एवढे तयार झाले की जमिनीवरच्या संघांना ते भारी पडू लागले. २०११ मध्ये एका थाई बँकेने या पोरांवर छोटा चित्रपट काढला आणि पान्यीचे नाव जगभर झाले. आमच्या वस्तीतल्या क्रीडामंडळाचे दोन कार्यकर्ते त्या मैदानाच्या कडेला बराच वेळ उभे होते. आमच्याकडे मैदानासाठी दिलेल्या अर्जाला दरवर्षी एकच छापील उत्तर येते. त्यावर ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

गावात सारे गोड आहे असेही नाही. पर्यटकांच्या जेवणावर गावाचा संसार टेकला आहे. २०२० साली साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा हॉटेलांच्या रांगा ओस पडल्या आणि लोक पुन्हा जाळ्यांकडे वळले, असे मग्गाताईने सांगितले. तीही त्या काळात गावी जाऊन रबराच्या बागेत राबत होती.

समुद्राचेही भय आहेच. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये सर्वांत मोठा संहार याच फांग न्गा प्रांतात झाला, चार हजारांहून अधिक माणसे गेली. ती मुख्यतः बाहेरच्या, उघड्या किनाऱ्यावर. आतल्या उपसागराला आडोसा मिळाला. याच प्रांतातल्या सुरिन बेटांवर मोकेन नावाचे समुद्रावर जगणारे लोक राहतात. न शिकलेले, कित्येकांना नागरिकत्वाचे कागदही नसलेले. पाणी एकाएकी मागे हटले तेव्हा त्यांच्या वृद्धांनी ओळखले आणि सारी वस्ती उंचावर पळवली. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांच्याजवळ ही विद्या होती.

परतीला ऊन उतरले होते. आमच्या महिलांनी आपणहून त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. बोटीच्या टोकाला दोर धरून बसणारा एक पोरगा होता, विशी-बाविशीचा. दिवसभर त्याने आम्हाला हात देऊन चढवले-उतरवले होते, पण एक शब्द बोलला नव्हता. तो वळला. दोर मांडीखाली दाबून त्याने हात जोडले आणि आमच्याबरोबर म्हणू लागला. त्याच्या तोंडी 'सरणं'चे 'थरणं' होत होते. तो ब्रह्मदेशचा, आणि ब्रह्मी लोक पालीतला 'स' असाच उच्चारतात. मग्गाताईचा थाई उच्चार आणखी वेगळा. तीन तऱ्हेची पाली आणि मागे इंजिनाचा धडधडाट, तरी 'दुतियम्पि', 'ततियम्पि' बरोबर एका ठिकाणी पडले. इंजिनाकडे तोंड करून बसलेले फिटरसुद्धा वळले.

पोरगा परवान्यावर मजुरी करतो. २०२१ च्या लष्करी उठावानंतर गावी गेलेला नाही. या उपसागरातला खडक न खडक त्याला ठाऊक असला तरी त्याला मार्गदर्शक होता येणार नाही, कारण ते काम कायद्याने थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहे. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला आमचे बाबासाहेब आले होते, असे आम्ही त्याला मग्गाताईमार्फत सांगितले. नाव त्याने ऐकलेले नव्हते. आमच्या एका ताईंनी कोटाला लावलेला बाबासाहेबांचा बिल्ला काढून त्याच्या सदऱ्याला लावला. बक्षिसीच्या पाकिटात नावाडी आणि मग्गाताई यांच्याइतकाच वाटा त्याचाही ठेवावा, असे आम्ही सुचवले आणि ते सर्वांनी मानले.

आता पत्रलेखक बंधूंना उत्तर. मौज केली हे खरे. १९४५ साली कारखाना कायद्यात कामगारांना पगारी सुट्टीची तरतूद आली, १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ती सुट्टी कामगाराने कशी घालवावी याची यादी त्यांनी कायद्याला जोडलेली नाही. आणि बोटीचेच म्हणाल, तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब शेकडो अनुयायांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगाव बंदराला उतरले होते. ती बोट आणि ही बोट एक नव्हे, हे आम्हालाही कळते. पण सव्वीस जणांत चारांनाच पोहता येते, ही गोष्ट आम्हाला विहारात बसून कधी कळली नसती. परत आल्यावर वस्तीतल्या नऊ मुलांची नावे, त्यांत पाच मुली, महापालिकेच्या तरणतलावाच्या वर्गात घातली आहेत. नऊवारीतल्या आजींनी स्वतःसाठी चौकशी केली. महिलांच्या वेळेचा फलक सध्या तलावावर नाही, त्यासाठी अर्ज दिला आहे.

ज्यांना थायलंडचा खर्च झेपणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. मुंबईच्या बंदरात घारापुरी आहे. गेटवेपासून बोटीने सुमारे तासाभराचा रस्ता. लोक शैव लेणी पाहून परततात, पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे वाट दाखवणारा बरोबर घ्यावा. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावे आहेत. लाखो पर्यटक येऊन जात असताना या गावांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. तिथेही जेवायला थांबाल तेव्हा घरातल्या बाईंशी चार शब्द बोला. इथे हातवारे करावे लागणार नाहीत.

जॅकेटाचे मात्र पुन्हा सांगतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. कित्येकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर जॅकेट सक्तीचे केले आहे. बोटीत चढल्याबरोबर मागून घ्या, मुलांच्या मापाचे वेगळे मागा, कमरेचा आणि पायांमधला असे दोन्ही पट्टे बांधा. बोटवाला "काही होत नाही" म्हणाला तर बोट सोडा, दुसरीत बसा. आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात.